हेइतानच्या डोहात उभं राहण्याची रीत

चीनच्या दक्षिणेकडे, डोंगरांच्या दाटीत हेइतान नावाचं एक गाव आहे, असं सांगतात. हेइतान म्हणजे काळा डोह. गावात शिरण्याआधीच त्या डोहाची ओळख होते, कारण तो दिसायच्या आधी त्याचा वास येतो. कुजलेल्या कातड्याचा, विरलेल्या चुन्याचा, भिजून आंबलेल्या झाडांच्या सालीचा असा सगळा मिळून तो एक वास. नवखा माणूस पुलावरच थबकतो. डोहाच्या काठी पिढ्यान् पिढ्या चामडं कमावणाऱ्यांची वस्ती आहे आणि कातडी भिजवायला त्यांना हाच डोह.

या डोहात सकाळी माणसं उभी असतात. कमरेइतक्या काळ्या पाण्यात, गुडघे जरासे वाकवून, दोन्ही हात छातीसमोर गोल धरून, मोठा रांजण कवेत घ्यावा तसे. हलत नाहीत, बोलत नाहीत. ही लढण्याची विद्या शिकणारी माणसं. त्यांच्या या साधनेला चीगाँग म्हणतात. श्वास बेंबीखाली उतरवायचा आणि अंगात बळ मुरवायचं, अशी ती विद्या. तिकडचे सगळेच मल्ल ती करतात, पण देवळाच्या अंगणात, देवदारांच्या सावलीत, चांगल्या हवेत. हेइतानलाही वर डोंगरावर तशी जागा आहे. फरसबंद अंगण आहे, समोर दरी आहे, वारा आहे. तिथे शेळ्या बसतात. माणसं खाली घाणीत उभी राहतात.

असं का, हे पाहुण्यांनी विचारलं की लिआंग आजोबा सांगतात. ते काठावरच्या एका सपाट दगडावर बसलेले असतात. ज्याला घाई आहे त्याला ते काही सांगत नाहीत, नुसता रस्ता दाखवतात. जो थांबतो त्याला मात्र पहिल्यापासून सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, त्या वरच्या अंगणात स्वेई क्वांग नावाच्या गुरूची तालीम होती. शिष्य त्यांना शिफू म्हणत, म्हणजे गुरुजी. हे शिफू खोटे नव्हते, हे आजोबा आधी सांगून टाकतात. तरुणपणी त्यांनी खरोखर साधना केली होती. पावसात, बर्फात ते त्या अंगणात उभे राहिले होते. त्यांना चौघांनी मिळून ढकललं तरी ते जागचे हलत नसत, असं सांगतात. त्यांचं नाव ऐकून दूरदूरची मुलं यायची. खालच्या नदीवरून मिठाची पोती वाहणाऱ्या एका हमालाचा मुलगाही असाच आला. त्याचं नाव रुआन पेई. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. तो आला आणि राहिला, वाढला, आणि होता होता शिफूंचा थोरला शिष्य झाला. आजोबांची गोष्ट या रुआन पेईची आहे.

एकदा जिल्ह्याचा एक बडा अंमलदार आपल्या घरच्या बायकामुलांना घेऊन तालीम बघायला आला. आदल्या दिवसांत पाऊस झाला होता, फरशा शेवाळल्या होत्या. अंमलदाराने चहा घेतला, मुलांच्या कसरती पाहिल्या आणि म्हणाला, "हे सगळं ठीक आहे, पण ते तुमचं श्वासाचं बळ, ते दिसेल का?" शिफू म्हणाले, ती दिसायची गोष्ट नाही. अंमलदाराच्या ओठांवर हसू आलं. तेव्हा शिफूंनी श्वास कसा पुढे लोटायचा एवढंच समजावायला तळवा उचलला आणि हळूच पुढे नेला. समोर रुआन पेई उभा होता. शिफूंना जागा द्यावी म्हणून तो एक पाऊल मागे सरला, त्याचा पाय शेवाळावर पडला आणि तो पाठीवर आपटला.

अंमलदाराच्या बायकोने तोंडावर हात ठेवला. हात न लावता माणूस उताणा पाडला, असं त्यांना वाटलं. रुआन पेईने पडल्या पडल्या शिफूंकडे पाहिलं आणि शिफूंनी त्याच्याकडे. काय झालंय हे दोघांनाही ठाऊक होतं. पापणी लवावी एवढाच तो वेळ. त्या वेळात दोघांपैकी कोणीही बोलू शकलं असतं. रुआन पेई उठला, त्याने वाकून नमस्कार केला आणि छातीला काही लागल्यासारखा छातीवर हात दाबून धरला. ते त्याने का केलं, हे त्याला पुढे आयुष्यभर कोणाला सांगता आलं नाही.

पुढच्या वेळी पाहुणे आले तेव्हा फरशी कोरडी होती. शिफूंनी तळवा उचलला आणि त्याच्याकडे फक्त पाहिलं. तो पडला.

मग तेच सुरू झालं. आधी थोरला शिष्य पडायचा, मग बाकीचेही पडू लागले. उभं राहण्याची साधना मागे पडली आणि पडण्याची तालीम होऊ लागली. कोण किती लांब उडतो, कोण किती वेळ तडफडतो, यावर शिष्यांची पायरी ठरू लागली. एक जण रिठ्याचा फेस गालात धरून ठेवायचा आणि पडला की तोंडावाटे सोडायचा. दुसऱ्याने एकदा पडता पडता कपड्यांतच लघवी केली. पाहुणे इतके थक्क झाले की नंतर तो दर खेपेला तेच करू लागला. सकाळी ज्या अंगणात देवदाराचा वास यायचा, तिथे आता मुताचा वास यायचा आणि तो लपवायला चंदनाचा धूप जळायचा.

शिफूंचा हात मऊ होत गेला. ते त्याला सुगंधी तेल चोळून घेऊ लागले. नखं वाढवली. गावातले आजारी लोक येत, तेव्हा तो हात पाण्याच्या भांड्यात बुडवायचा आणि ते पाणी आजाऱ्याला प्यायला द्यायचं, असाही प्रघात पडला. पाणी पेल्यांत ओतायचं काम रुआन पेईचं. पाण्यावर तेलाचा तवंग असायचा, कधी तळाशी नखातला मळ दिसायचा. आया आपल्या तापाने फणफणलेल्या पोरांच्या तोंडाला तो पेला लावायच्या आणि रुआन पेई दुसरीकडे बघायचा. त्या दिवसांत त्याला जेवण जात नसे, असं सांगतात. भाताचा घास तोंडात घेतला की त्याला त्या तवंगाची चव यायची.

तरी तो म्हणायचा, मनात म्हणायचा, की हे नाटक आहे आणि मला ते नाटक आहे हे कळतंय. जोवर कळतंय तोवर मी वेगळा आहे. पण एके दिवशी तेही गेलं. कोठीच्या खोलीत तो तांदळाचं मडकं घेऊन उभा होता. शिफू आत आले. बाहेर जायचं होतं म्हणून त्यांनी खुंटीवरची टोपी काढायला हात वर केला, आणि रुआन पेईचे गुडघे लुळे पडले. मडकं फुटलं. तांदूळ पसरले. बघायला कोणी नव्हतं, पाहुणे नव्हते, त्याने ठरवलंही नव्हतं. अंगच पडलं होतं. एवढ्या वर्षांच्या साधनेने कमावलेलं अंग, आणि ते आता पाळीव जनावरासारखं हाताकडे बघून वागत होतं. शिफूंनी टोपी घातली, त्याच्याकडे पाहून प्रेमळपणे हसले आणि निघून गेले. रुआन पेई तालमीच्या मागे गेला आणि पोटात काही नव्हतं तरी ओकत राहिला.

आपल्याच मांड्यांना हात लावायची त्याला शिसारी येऊ लागली.

त्याच वर्षी सैन्यातून पळालेल्या लोकांची एक टोळी नदीकाठाने वर येत असल्याची बातमी आली. वाटेतली गावं लुटली जात होती, काही जाळली होती. हेइतानला यायला एकच वाट, खोल घळीवरचा दोरांचा पूल. पूर्वी असं संकट आलं की चामडं कमावणारे पुलाचे दोर तोडून टाकायचे आणि ते टळलं की नवे वळायचे. त्या वस्तीत मेंग नावाचा एक जण होता, पूल राखायचं काम त्याच्या घराकडे होतं. तो कुऱ्हाड परजून पुलाशी जाऊन बसला.

शिफूंनी निरोप पाठवला की पूल तोडू नये. आपण असताना गावाने पूल तोडला तर त्याचा अर्थ काय होतो, असं त्यांनी विचारलं. गावातल्या पुष्कळांना ते पटलं. ज्यांची पोरं ते पाणी पिऊन बरी झाली होती, किंवा आपोआप बरी झाली होती, ते सगळे शिफूंच्या बाजूने बोलू लागले. मेंग मात्र तिथून उठेना. तेव्हा त्याची बायको, जिला सगळे मेंग काकू म्हणत, स्वतः डोंगर चढून तालमीत आली. ती याआधी कधी तिथे आली नव्हती. तिच्या कपड्यांना कातड्यांचा वास होता. शिष्यांनी नाकं मुरडली आणि तिला अंगणाच्या कडेलाच थांबायला सांगितलं. रुआन पेई तिच्याजवळ गेला.

"तुम्ही त्यांचे थोरले शिष्य," ती म्हणाली. "वस्तीतल्या लोकांनी तुम्हाला पडताना पाहिलंय. मी नाही पाहिलं, मला कामातून सवड होत नाही. म्हणून विचारायला आले. त्या हातात खरंच काही आहे का?"

रुआन पेईने तिच्याकडे पाहिलं. चुन्याने तिची बोटं सोलवटलेली होती. त्याला शेवाळ आठवलं. मागे धूप जळत होता, शिष्य कान देऊन उभे होते, आणि आतल्या खोलीच्या दारात शिफूंच्या रेशमी झग्याची कड दिसत होती. खरं सांगितलं तर इतक्या वर्षांत आपण काय होतो, हेही सांगावं लागणार होतं.

"शिफूंवर विश्वास ठेवा," तो म्हणाला. "पूल राहू द्या."

"तुम्ही म्हणता म्हणून," ती म्हणाली आणि खाली उतरून गेली.

टोळी आली ती भर दुपारी. फाटके गणवेश, पाठीवर लुटीची बोचकी. त्यांचा म्होरक्या देवीचे वण असलेला एक धिप्पाड माणूस होता, तो मुळा खात खात येत होता. पुलाच्या या टोकाला शिफू पांढरं रेशीम घालून उभे होते आणि त्यांच्या मागे दोन रांगांत शिष्य. मेंगला त्यांनी कुऱ्हाड बाजूला ठेवायला लावली होती. विद्येसमोर हत्यार शोभत नाही, असं ते म्हणाले होते. बायकोने डोंगरावरून आणलेला शब्द होता, म्हणून मेंगनेही ती एका खांबाला टेकवून ठेवली होती.

टोळी पुलाच्या मध्यावर आली. शिफूंनी श्वास घेतला आणि तळवा उचलला.

म्होरक्या थांबला. क्षणभर गावकऱ्यांना वाटलं की झालं, लागू पडलं. पण तो थांबला होता आश्चर्याने. तळवा पुलाकडे होता आणि पडले होते ते मागचे. दोन्ही रांगांमधले सगळे शिष्य एका दमात जमिनीवर कोसळले होते. एकाच्या तोंडातून फेस येत होता. रुआन पेईही पडला होता. मातीला गाल लावून तो पुलाच्या फळ्यांवरून येणारे पाय बघत होता आणि उठावं असं मनात असूनही अंग उठत नव्हतं.

मेंग कुऱ्हाडीकडे धावला. खांबापर्यंत पोचण्याआधीच एकाने त्याच्या पाठीत भाला घातला.

पुढचं सांगताना लिआंग आजोबांचा आवाज खाली जातो. टोळीने गाव लुटलं. ते चाललेलं असताना म्होरक्याने शिफूंना आणि शिष्यांना डोहाकाठच्या अंगणात आणलं, जिथे कातडी खरवडतात. खाली खरवडून पडलेली चरबी, केस, मांसाचे लोंबते तुकडे आणि कातडी मऊ करायला कालवलेली कबुतरांची विष्ठा, असा घोट्याइतका चिखल होता. म्होरक्या कातड्यांच्या ढिगावर बसला.

"पुन्हा," तो मुळा चावत म्हणाला.

शिफूंनी तळवा उचलला. शिष्य चिखलात पडले. टोळीतले लोक पोट धरून हसले.

"पुन्हा."

ते उठले आणि पुन्हा पडले. नाकातोंडात ती घाण जात होती. भाल्यांचा धाक होता, हे खरं. पण रुआन पेईला कळत होतं की आपण भाल्याकडे बघून पडत नाही. आणि त्याहून वाईट गोष्ट त्याने पाहिली. शिफूंच्या रेशमावर चिखलाचा एक थेंबही उडाला नव्हता, आणि तळवा उचलल्यावर ते डोळ्यांच्या कडेने रांगेकडे बघत होते. कोण नीट पडला आणि कोण नाही, हे ते बघत होते. मेंगचं प्रेत तिकडे पुलापाशी पडलेलं होतं, घराघरातून बायकांचं रडणं ऐकू येत होतं, आणि शिफू आपल्या शिष्यांचं पडणं तपासत होते.

म्होरक्याला कंटाळा आला. त्याने मेंग काकूला नवऱ्याच्या प्रेतापासून ओढून आणवलं. हिला करू द्या, असं तो म्हणाला. तिच्या पाठीला भाला लावला, तेव्हा तिने हात वर केला. तो मनगटापर्यंत नवऱ्याच्या रक्ताने माखलेला होता. तळवा रुआन पेईसमोर आला. त्या वेळी त्याच्यावर कोणाचा भाला नव्हता. त्याच्या शेजारचा पहारेकरी हसून हसून वाकला होता. तो उभा राहिला असता तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

त्याचे गुडघे लुळे पडले.

चिखलातून त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. भातात अळी निघावी आणि माणसाने तिच्याकडे बघावं, तशी ती त्याच्याकडे बघत होती.

संध्याकाळी टोळी निघून गेली. धान्य नेलं, जनावरं नेली, कमावलेलं चामडं नेलं. गाव जाळलं नाही. इतकं हसायला मिळालं, असू द्या, असं म्होरक्या म्हणाला म्हणे.

दुसऱ्या दिवशी वरच्या अंगणात गाव जमलं. तोवर शिष्यांनी अंघोळी केल्या होत्या आणि धूप पेटवला होता. गाव जळलं नाही हा शिफूंचाच प्रताप, असं एक शिष्य म्हणू लागला आणि काही माणसं मान डोलावू लागली. मग शिफू बोलले. म्होरक्या जागीच थिजायला हवा होता, पण खालच्या वस्तीच्या दुर्गंधीने बळ बाटलं, असं त्यांनी सांगितलं. चामड्याचं काम गावातून हलवावं, डोह बुजवावा, म्हणजे पुन्हा असं होणार नाही. वस्तीतली माणसं अंगणाच्या कडेला उभी होती, मेंग काकू त्यांच्यात होती. नवऱ्याला पुरून ती तशीच आली होती.

रुआन पेईने अंघोळ केली नव्हती. अंगावर तो चिखल वाळून त्याची खपली झाली होती आणि लोक त्याच्यापासून लांब उभे होते. तो पुढे आला.

"मी पहिल्यांदा पडलो त्या दिवशी फरशीवर शेवाळ होतं," तो म्हणाला. "माझा पाय घसरला. शिफूंना ते माहीत आहे. त्यानंतर मी मुद्दाम पडत आलो. आता मुद्दाम पडावंही लागत नाही. त्या हातात काही नाही. मेंग काकूंनी मला हेच विचारलं होतं, तेव्हाही मला हे माहीत होतं."

शिफूंनी सगळ्या गावासमोर रुआन पेईकडे तळवा उचलला.

आणि रुआन पेई पडला. ज्या फरशीवर तो पहिल्यांदा पडला होता तिथेच, तसाच पाठीवर. गर्दीतून हुंकार उठला. शिष्यांचे चेहरे उजळले. रुआन पेई तिथूनच बोलला, आणि त्याचा आवाज शांत होता, असं सांगतात.

"बघा," तो म्हणाला. "मला कोणी पाडलेलं नाही. माझं अंग असं झालंय. हे बळ नाही, हा रोग आहे, आणि तो तुम्ही तुमच्या पोरांना पाजत होता."

कोणीतरी थुंकलं. तेवढाच आवाज झाला. मग माणसं एकेक करून उतरू लागली. ज्या आयांनी ते पाणी पाजलं होतं त्या बाहीने मुलांची तोंडं पुसत उतरल्या, जणू ते अजून तिथे लागलेलंच होतं. शिष्यही पांगले. शिफू काही दिवस त्या अंगणात एकटे राहिले आणि मग एके दिवशी नव्हते. ते कुठे गेले, हे कोणी विचारलं नाही.

रुआन पेई मेंग काकूच्या दारात जाऊन बसला. ती मारेल, शिव्या देईल, असं त्याला वाटलं होतं. तिने काहीच केलं नाही. तिच्या नवऱ्याचं काम करू का, असं त्याने विचारलं.

"माझ्यासमोर बसू नकोस," ती म्हणाली. "काम तिकडे आहे."

म्हणून तो कातडी खरवडू लागला. सुरुवातीला त्याला घडीघडीला ओकारी यायची, आणि वस्तीतली माणसं त्याच्या ओकारीकडेही किळसवाणं काही बघावं तशी बघायची. हळूहळू हात सरावले. पण मांड्या नाही सरावल्या. कोणी कातडं वाळत घालायला हात उंचावला की त्याचे पाय अजून लटपटायचे. तेव्हा त्याने शपथ घेतली म्हणे. जोवर त्या बाईने तळवा उचलला तरी मी उभा राहत नाही, तोवर या अंगाला दुसरं काही शिकवणार नाही.

तो आधी वरच्या अंगणात जाऊन उभा राहिला, पण तिथे अंगाला पाहुणे आठवायचे. पाठ ताठ व्हायची, चेहरा गंभीर व्हायचा, कोणी नसताना. त्याला स्वतःची इतकी घृणा आली की तो अर्ध्यातून खाली उतरला आणि सरळ डोहात शिरला. तिथे बघायला कोणी येणार नव्हतं. पायाखाली कुजलेली साल आणि केसांचा थर होता, वर मेलेल्या जनावरांची कातडी तरंगत होती. तो कमरेइतक्या पाण्यात थांबला, गुडघे वाकवले, हात गोल धरले आणि श्वास घेतला.

श्वास आत जाईना. चीगाँग म्हणजे सगळं श्वासावर, आणि त्या वासात छाती आपोआप मिटायची. तोंडाने घेतला तर चव लागायची. कितीतरी सकाळी तो नुसता ओकून बाहेर पडला. मग एकदा त्याच्या लक्षात आलं की आपण अर्धा श्वास घेतोय, पाहुण्यांसमोर घ्यायचो तसाच, दाखवण्यापुरता. त्या दिवशी त्याने पूर्ण श्वास घेतला, सगळ्या वासासकट, बेंबीखाली उतरेपर्यंत. डोळ्यांतून पाणी आलं. पण तो बाहेर आला नाही.

वर्षं गेली. वस्तीतली काही माणसं, बायकाही, त्याच्या शेजारी येऊन उभी राहू लागली. त्याने कोणाला बोलावलं नव्हतं. जुन्या शिष्यांपैकीही दोघे तिघे परत आले, पाण्यात उतरले, ओकले आणि टिकले. मेंग काकू रोज कामासाठी काठावरून जायची, पण डोहाकडे बघायची नाही.

एका हिवाळ्यात, काठावर बर्फाची पापडी धरली होती त्या सकाळी, ती कबुतरांच्या विष्ठेची टोपली रिकामी करायला आली. टोपली उपडी केली आणि ती गेली नाही. काठावर उभी राहून तिने रुआन पेईकडे पाहिलं आणि तळवा उचलला, त्या दिवशी उचलला होता तसा.

पाण्यातल्या सगळ्यांचे श्वास थांबले. रुआन पेईच्या मांड्यांतून कापरं गेलं. त्याच्याभोवती काळ्या पाण्यावर वलयं उठली, काठापर्यंत गेली आणि विरली. तिने हात खाली घेतला नाही. तो भरून येईपर्यंत तिने तो तसाच धरला, आणि रुआन पेई उभा होता.

मग ती पाण्यात उतरली. थेट त्याच्यासमोर आली आणि दोन्ही हात त्याच्या छातीला लावून तिने त्याला सगळ्या ताकदीनिशी ढकललं. ओल्या कातड्यांची ओझी जन्मभर उचललेले ते हात होते. रुआन पेई पाण्याखाली गेला आणि तोंडभर घाण घेऊन वर आला.

"हे पडणं," ती म्हणाली. "ढकललं तर पडायचं. ऊठ आता."

ती बाहेर पडली आणि रिकामी टोपली उचलून घरी गेली. तिने त्याला माफ केलं का, असं पाहुणे हमखास विचारतात. तसं ती कधी म्हणाली नाही, असं लिआंग आजोबा सांगतात, आणि तो विषय तिथेच सोडतात.

आजही हेइतानला ही विद्या शिकायला येणाऱ्याला आधी डोहात उभं राहावं लागतं. मेंगांच्या घरातली एखादी बाई हातातलं काम टाकून काठावर येते आणि त्याच्याकडे तळवा उचलते. जो डगमगतो त्याला कोणी हसत नाही, त्याला जेवू घालून परत पाठवतात. जो उभा राहतो त्याला ती पाण्यात उतरून ढकलते, आणि तो पडला की तीच त्याला हात देऊन उठवते. आजही तिथे कोणी कोणाला हात न लावता पाडून दाखवत नाही. तसं बघायला आलेले पाहुणे नाकाला रुमाल लावून थोडा वेळ थांबतात, मग मळमळायला लागतं म्हणून पुलाकडे परत फिरतात. त्यांच्या पाठीमागे पाण्यातली माणसं पूर्ण श्वास घेत असतात.